दोन डगरींवरचे पाय : बॉश, डिझेल आणि वीज

मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला जिथं ट्रकची गॅरेजं आहेत, तिथं एक पाटी हमखास दिसते. ‘डिझेल पंप व नोझल रिपेअरिंग’. अक्षरं पेंटरनं हातानं रंगवलेली. बाजूला एक गोल चिन्ह आणि त्यात इंग्रजी ‘एच’सारखी आकृती. लहानपणी मला वाटायचं, ही मेकॅनिक लोकांची काहीतरी खूण असावी. पुढं कळलं की ते जर्मनीच्या बॉश कंपनीचं बोधचिन्ह आहे. ती आकृतीही ‘एच’ नाही. मॅग्नेटो नावाच्या यंत्रातल्या आर्मेचरचं ते चित्र आहे. कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी ते १९१८ साली काढलं.

म्हणजे शंभराहून अधिक वर्षं ही कंपनी ज्या चिन्हाखाली माल विकते, तो विजेचा एक सुटा भाग आहे. मात्र त्या विजेचं काम होतं, पेट्रोल पेटवणं. वीज आणि ज्वलन अशा दोन डगरींवर बॉशनं पहिल्यापासून पाय ठेवले. आज त्यातली एक डगर ढासळू लागली आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला स्पार्क प्लग लागत नाही, नोझल लागत नाही, धूर तपासणारा सेन्सरही लागत नाही. मग हे सगळं बनवणाऱ्यांनी करायचं काय? हा प्रश्न स्टुटगार्टच्या संचालक मंडळापुढं आहे. तसाच तो आपल्या गल्लीतल्या गॅरेजपुढंही आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागं जावं लागेल.

ठिणगीचा धंदा

रॉबर्ट बॉश यांचा जन्म १८६१ चा, उल्मजवळच्या आल्बेक गावचा. घरची शेती आणि खानावळ. त्यांनी उपकरणं बनवण्याचं काम शिकून घेतलं. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात काम केलं, इंग्लंडमध्ये सीमेन्सकडं राहिले आणि १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप उघडलं. एक कारागीर, एक पोऱ्या आणि मालक, एवढाच पसारा. टेलिफोन बसवणं, विजेच्या घंटा लावणं, मिळेल ते काम घेणं. पहिली काही वर्षं तर जेमतेम निभावली.

त्याच काळात एका गिऱ्हाइकाला आपल्या जागेवर बसवलेल्या गॅस इंजिनासाठी ठिणगी पाडणारं यंत्र हवं होतं. बॉश यांनी १८८७ मध्ये ते बनवून दिलं. बॅटरीची गरज नसलेलं, स्वतःच वीज तयार करणारं हे यंत्र म्हणजे मॅग्नेटो. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये ते प्रथमच एका मोटार-तीनचाकीवर बसवण्यात आलं. त्या काळी इंजिनात वेळेवर ठिणगी पाडणं ही मोटार बनवणाऱ्यांची सर्वात मोठी डोकेदुखी होती. खुद्द कार्ल बेंझ यांनी ती सगळ्या अडचणींची अडचण मानली होती. बॉश यांच्या वर्कशॉपनं ती सोडवली. १९०२ मध्ये होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला आणि धंद्याचं रूपच पालटलं.

मोटार बनवणारे वाढत गेले, बुडतही गेले. बॉश मात्र सगळ्यांनाच माल देत होते. सुटे भाग पुरवणाऱ्याची हीच तर खरी ताकद असते. शर्यत कुणीही जिंको, ठिणगी त्याचीच. १९१३ पर्यंत कंपनीची ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होऊ लागली होती.

रॉबर्ट बॉश यांनी १९०६ मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला, हेही इथं नोंदवायला हवं. इतर कारखानदारांनी त्यांना ‘लाल बॉश’ म्हणून हिणवलं. वास्तविक पाहता त्यात हिशेबही होता. दोन पाळ्या लावता आल्या, महागडी यंत्रं जास्त वेळ चालली. कामगाराचं हित आणि मालकाचा फायदा एकाच दिशेनं जात होते, असा तो काळ.

पहिली डगर ढासळली तेव्हा

पहिल्या महायुद्धानं परदेशातला धंदा मोडला. अमेरिकेतली मालमत्ता आणि पेटंटं शत्रूची म्हणून जप्त झाली. त्यातून कंपनी सावरते न सावरते तोच दुसरं संकट आलं. मॅग्नेटो महाग होता. मोटारी स्वस्त होऊ लागल्या, त्यांच्यात बॅटरी आलीच होती, मग त्याच बॅटरीवर चालणारी स्वस्त कॉइलची ठिणगी लोकांना पुरेशी वाटू लागली. ज्या मालावर कंपनी उभी होती, तो मालच नकोसा होऊ लागला. १९२५-२६ मध्ये विक्री कोसळली आणि मोठी कामगारकपात झाली.

तरीही कंपनी तगली. कारण जुनं मरायच्या आधीच नव्याची तयारी सुरू झाली होती. बॅटरीवरची ठिणगी बॉशनं स्वतःच बाजारात आणली, म्हणजे आपल्याच जुन्या मालाला आपणच पर्याय दिला. दुसरीकडं १९२२ मध्येच डिझेल इंजिनासाठी इंधन-पंप तयार करायचं ठरलं होतं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन तेव्हा जहाजांत आणि कारखान्यांत चालायचं. त्यात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. एवढा लोढणा घेऊन ट्रक धावणार कसा? बॉशनं कॉम्प्रेसरशिवाय, थेट दाबानं मोजून-मापून डिझेल फवारणारा पंप बनवला आणि १९२७ पासून त्याचं उत्पादन सुरू केलं. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेलवरची मोटार आली, तीही याच पंपावर.

त्याच सुमारास कंपनीनं केस कापायचं विजेचं यंत्र, ड्रिलिंगचा हॅमर आणि घरगुती फ्रिज काढला. अंडी एकाच टोपलीत ठेवायची नाहीत, हा धडा १९२६ नं शिकवला होता.

पुढचा अध्याय काळा आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉशचे भाग जर्मन विमानांत आणि रणगाड्यांत होते. सुमारे २० हजार माणसांकडून सक्तीनं काम करून घेतलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतल्या स्त्रिया होत्या. त्याच वेळी कंपनीच्या वरिष्ठांनी काही ज्यूंना वाचवलं, हिटलरविरोधी कटातल्या कार्ल ग्योर्डेलर यांना सल्लागार म्हणून आसरा दिला. दोन डगरींवरचे पाय इथंही होते. पण सक्तीनं राबवलेल्यांच्या हिशेबात ते दुसरं पान फारसं कामाचं नव्हतं.

मायको आणि बुर्सा

स्वातंत्र्यानंतर भारतात ट्रक बनू लागले. १९५४ मध्ये टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार केला. त्या आधीच, १९५१ मध्ये, बॉशच्या सहकार्यानं बंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली ‘मायको’ स्थापन झाली होती. स्पार्क प्लग आणि डिझेल पंप इथंच बनू लागले. पुढं नाशिकच्या सातपूरला नोझल आणि इंजेक्टरचा कारखाना उभा राहिला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण नाशिककरांच्या तोंडी मायकोच राहिलं. रिक्षावाल्याला आजही ‘मायको सर्कल’ सांगितलं की पुरतं.

नोझल हा बोटाएवढा भाग. त्यातली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. असं काम करणारे हजारो हात या कारखान्यानं उत्तर महाराष्ट्रात घडवले. मायकोत नोकरी असलेल्या मुलाला लग्नाच्या बाजारात वेगळा भाव होता, हे नाशिकच्या जुन्या माणसांना आठवत असेल.

जर्मनीत मात्र हात कमी पडत होते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. अनातोलियाच्या खेड्यांतली माणसं इस्तंबूलला वैद्यकीय तपासणी देऊन रेल्वेनं जर्मनीला निघाली. बॉश, फोर्ड, सीमेन्स अशा कारखान्यांच्या पाळ्यांत उभी राहिली. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं गेलं. पाहुणा म्हणजे काम संपलं की जाणारा. १९७३ च्या तेलसंकटात भरती थांबली, पण माणसं तिथंच रुजली. दरम्यान बॉशनं तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातही डिझेलचे भाग बनवणारा कारखाना काढला. स्टुटगार्ट, बुर्सा, बंगळुरू, नाशिक. डिझेलच्या एका फवाऱ्यामागं अशी अनेक गावं आणि अनेक जमाती बांधल्या गेल्या.

कारखान्याच्या फाटकाबाहेरही एक जग होतं. २००६ च्या सच्चर समितीनं आकड्यांनिशी दाखवलं की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांचं कमी आहे. वर्कशॉप, वेल्डिंग, वायरिंग, पंप-नोझल ही त्या स्वयंरोजगाराची ओळखीची रूपं. माल मायकोचा, दुरुस्ती मोहल्ल्यातली, असं हे नातं होतं. आमच्या गावातल्या एका पंपवाल्या चाचांच्या दुकानात मी शाळा सुटल्यावर तासन् तास बसायचो. ते टेस्टरला नोझल लावायचे आणि दांडा दाबायचे. कर्र्र आवाज होऊन डिझेलचा फवारा धुक्यासारखा उडाला की नोझल पास. थेंब पडला की नापास. शिक्षण चौथी. पण फवारा बघून ‘हा ट्रक चढावर धूर मारणार’ हे ते सांगायचे, आणि तसंच व्हायचं.

कायदा कडक, धंदा तेजीत

साठच्या दशकापासून प्रदूषणाचे कायदे कडक होऊ लागले. सुरुवात अमेरिकेतून झाली. बॉशसाठी ही पर्वणीच होती. १९६७ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. १९७६ मध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. १९९७ मध्ये कॉमन रेल आलं. फियाट समूहात विकसित झालेलं हे तंत्र बॉशनं विकत घेतलं आणि कारखान्यात उतरवलं. इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या १,३५० पट झाला. डिझेल मोटार शांत झाली, चपळ झाली, युरोपात घरोघरी पोहोचली.

कायदा जितका कडक, तितके इंजिनाला भाग जास्त, तितकं बॉशचं काम जास्त. पन्नास वर्षं हे गणित चाललं. भारतातही २०२० मध्ये बीएस-६ आलं, तेव्हा दुचाकीचा कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी पंप, इंजेक्टर, सेन्सर आणि कंट्रोल युनिट आलं. चाचांच्या टेस्टरचं महत्त्व तर कॉमन रेलनंच संपवत आणलं होतं. नव्या इंजेक्टरला कोड असतो, तो लॅपटॉपवरून टाकावा लागतो. टेस्ट बेंचची किंमत लाखांत. चाचा म्हणायचे, “हाथ का काम गया, बेटा. अब गाडी कंप्युटर से बात करती है.” ही २०१० च्या आसपासची गोष्ट. म्हणजे गल्लीतला मेकॅनिक विजेच्या गाडीमुळं आत्ता मागं पडतोय असं नाही. इंजिन जिवंत असतानाच तो बाहेर फेकला जाऊ लागला होता.

कायदा आणि इंजिन यांची ही ओढाताण २०१५ मध्ये उघडी पडली. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, असं सॉफ्टवेअरनं केलेलं होतं. त्या मोटारींतली कंट्रोल युनिटं बॉशची होती. जर्मनीत मे २०१९ मध्ये बॉशला ९ कोटी युरोंचा दंड झाला. देखरेखीत हयगय केली, हा ठपका होता. दोष एका कंपनीपुरता नव्हता. प्रत्येक नव्या कायद्याबरोबर इंजिनाला आणखी एक भाग जोडत जायची ती पद्धतच आता दमली होती.

दहा, तीन, एक

बॉश विजेच्या गाडीबाबत गाफील होती असं नाही. २००८ मध्येच तिनं सॅमसंगबरोबर बॅटरीसाठी भागीदारी केली. २०१२ मध्ये ती मोडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की बॅटरीचे सेल आपण बनवणार नाही. बाजारात पुढं राहायचं तर सुमारे २० अब्ज युरो ओतावे लागतील, आणि जोखीम फार मोठी, असा हिशेब होता. मोटार, इन्व्हर्टर आणि गिअर एकत्र असलेला ‘ई-अॅक्सल’ मात्र बनवायचा. त्याच सुमारास स्टार्टर आणि डायनामोचा जुना विभाग चिनी कंपन्यांना विकून टाकला. आणि त्याच वर्षी डिझेलचा धूर खूप कमी करणारं नवं तंत्रही जाहीर केलं. पुढं स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागात, जिथं डिझेलचे पंप बनत आले, तिथंच २०२३ मध्ये हायड्रोजनच्या फ्युएल सेलचं उत्पादन सुरू झालं.

बाहेरून पाहणाऱ्याला ही धरसोड वाटते. पण पुरवठादाराची कोंडी समजून घ्यायला हवी. कुठली गाडी बनवायची हे तो ठरवत नाही, त्याचं गिऱ्हाईक ठरवतं. युरोपीय संघानं २०२३ मध्ये ठरवलं की २०३५ पासून नव्या मोटारींतून कार्बन बाहेर पडता कामा नये. त्यावरही पुन्हा घासाघीस सुरू झाली. भारतातला ट्रक अजून डिझेलवर आहे, चीनमधली मोटार झपाट्यानं विजेवर जाते आहे. नव्या कारखान्याला लागणारा पैसा जुन्या इंजिनाच्या नफ्यातूनच येतो. जुनं लवकर सोडलं तर नव्यासाठी पैसा नाही. उशिरा सोडलं तर नव्यात जागा नाही.

पण १९२६ आणि आज यांत एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार त्यातच आहे. मॅग्नेटो गेला तेव्हा त्याच्या जागी आलेला डिझेल पंप अधिक गुंतागुंतीचा होता. कार्ब्युरेटर गेला तेव्हा त्याच्या जागी दहा भाग आले. आजवर प्रत्येक बदलात जुन्यापेक्षा नव्याला जास्त हात लागले. या वेळी उलटं आहे. बॉशचे तेव्हाचे प्रमुख फोल्कमार डेनर यांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला होता. डिझेलच्या यंत्रणेसाठी दहा माणसं लागत असतील, तर पेट्रोलसाठी तीन आणि विजेच्या मोटारीसाठी एक. बाकीचे नऊ जण कुठं जाणार, हे सांगणारं यंत्र मात्र अजून कुणी बनवलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तराचा एक भाग समोर आला. वाहन विभागात आणखी १३ हजार नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करायच्या, असं बॉशनं जाहीर केलं. त्यांतल्या बहुतेक जर्मनीतल्या. साडेतीन हजार एकट्या फॉयरबाखमधल्या. त्या पाळ्यांत साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या तुर्की कामगारांचे वारसही असणार. आजोबा पाहुणे म्हणून आले, नातू जर्मन झाला, आणि आता कामच पाहुणं ठरलं.

इथं आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बॉश ही शेअर बाजारातली कंपनी नाही. रॉबर्ट बॉश १९४२ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेनुसार १९६४ मध्ये कंपनीचा बहुतांश मालकीहक्क एका धर्मादाय संस्थेकडं गेला. आज सुमारे ९४ टक्के भांडवल त्या संस्थेकडं आहे. लाभांशातून रुग्णालय, शिक्षण, संशोधन चालतं. आपल्या वाचकांना वक्फची आठवण होईल. मूळ मालमत्ता शाबूत, उत्पन्न लोकांच्या कामाला. फरक असा की कंपनी चालवण्याचा मताधिकार या संस्थेकडं नाही, तो वेगळ्या विश्वस्त मंडळाकडं आहे. त्यामुळं तिमाही नफ्याची घाई नसलेली, लांबचा विचार करू शकणारी अशी ही कंपनी. तिलाही हे साधत नसेल, तर कर्जावर चालणाऱ्या छोट्या पुरवठादारांनी काय करावं? चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या कितीतरी शेडमध्ये आजही इंजिनाचेच भाग कातले जातात.

आपल्या गल्लीत

काही जण म्हणतील, मग विजेची गाडी नकोच. ते खरं नाही. हवा सगळ्यांची आहे, आणि डिझेलचा धूर सर्वात आधी त्याच वस्त्यांच्या छातीत जातो जिथं ही गॅरेजं आहेत. पंपवाल्यांचे काळे पडलेले हात आणि खोकला मी जवळून पाहिला आहे. बदल यायलाच हवा. प्रश्न एवढाच की त्याची किंमत कोण मोजणार.

फॉयरबाखच्या कामगाराकडं संघटना आहे, वाटाघाटीचं टेबल आहे, भरपाईचा करार आहे. नाशिकच्या कायम कामगाराकडं यातलं थोडं आहे, कंत्राटी कामगाराकडं त्याहून कमी. गल्लीतल्या मिस्त्रीकडं यातलं काहीच नाही. त्याची नोकरी जात नाही, कारण ती कधी नव्हतीच. फक्त गिऱ्हाईक येईनासं होतं. अशा बेकारीची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

बॉशच्या इतिहासातून त्याच्यासाठी एकच गोष्ट घेण्यासारखी आहे. १९२२ मध्ये डिझेलचं काम सुरू झालं तेव्हा मॅग्नेटो अजून खपत होता. नवं शिकायची वेळ जुनं चालू असतानाच असते. कंपनीला ते जमलं, कारण तिच्याकडं पाच वर्षं थांबण्याइतका पैसा होता. मिस्त्रीकडं आठवडाभर दुकान बंद ठेवण्याइतकाही नसतो. म्हणून ही जबाबदारी एकट्या त्याची नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक गाडीचे वर्ग निघत आहेत, पण चौथी शिकलेल्या, चाळिशीतल्या माणसाला तिथं दार नसतं. संध्याकाळचे वर्ग, मराठी-उर्दूत शिकवणारा माणूस, हाताच्या कामाला मिळणारं प्रमाणपत्र, गाडी कंपन्यांनी बाहेरच्या मेकॅनिकला द्यायची दुरुस्तीची माहिती, हे मागायला हवं. आपल्या जमातीतल्या संस्था मदरशांना आणि शाळांना जशी मदत करतात, तशी एखाद्या मोहल्ल्यात बॅटरी आणि कंट्रोलर दुरुस्तीच्या टेबलालाही करू शकतात. खर्च फार नाही.

गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा चाचांच्या दुकानापुढून गेलो. आत त्यांचा मुलगा ट्रकचे हायड्रॉलिक पाइप विकतो. टेस्टर कोपऱ्यात, वर पोतं टाकलेलं. मी विचारलं, “विकला का नाही?” तो म्हणाला, “अब्बांनी ठेवायला सांगितलंय. अजून कधी कधी एखादा जुना ट्रॅक्टरवाला येतो.” बाहेर पाटी तशीच आहे. रंग उडालाय, पण ते गोल चिन्ह अजून ओळखू येतं.